मर्यादित खर्चात खेळांचा संगणक : सुट्या भागांची निवड

सुटे भाग जमवून आपल्या गरजेपुरते यंत्र उभे करावे, ही वृत्ती सातारा-सांगली परिसराला नवी नाही. १९१० साली तत्कालीन औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर घडविले. अलीकडचे उदाहरण कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे. दुचाकीचे आणि भंगारातील भाग जुळवून त्यांनी सुमारे ६० हजार रुपयांत चार चाकांची छोटी गाडी तयार केली. २०२१ च्या अखेरीस उद्योगपती आनंद महिंद्र यांचे तिच्याकडे लक्ष गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबास नवी बोलेरो मिळाली.

साधारण तेवढ्याच रकमेत आज अनेक घरांतून एका वेगळ्या यंत्राची मागणी होते. ते यंत्र म्हणजे खेळ खेळता येईल असा संगणक. मागणी करणारा बहुधा दहावी-बारावीचा किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असतो आणि पैसा उसाच्या बिलातून, बेदाण्याच्या पट्टीतून अथवा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून यावयाचा असतो. अशा वेळी घरातील वडील मंडळी गावातील शिक्षकांना किंवा ग्रामसेवकांना विचारतात, 'एवढे पैसे घालावेत का, आणि घालायचे तर कशात?' या प्रश्नाच्या उत्तरार्धाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पूर्वार्धाचा निर्णय ज्या त्या कुटुंबाने करावयाचा आहे. तथापि खेळासाठी नीट निवडलेला संगणक अभ्यासासाठी, चित्रफितींच्या संपादनासाठी व अभियांत्रिकी आरेखनासाठीही उत्तम चालतो. याच्या उलट, दुकानात 'अभ्यासासाठी' म्हणून मिळणारा सर्वसाधारण संच खेळासाठी सहसा पुरा पडत नाही, ही गोष्ट निर्णय घेताना ध्यानी असावी.

मुकादम आणि टोळी

संगणकातील खेळ म्हणजे एका सेकंदात अनेक वेळा नव्याने काढलेले चित्र होय. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्र पुरे करण्यास सुमारे १७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. १४४ चित्रे हवी असतील, तर सात मिलिसेकंदही मिळत नाहीत. या अवधीत दोन भागांना काम करावे लागते. कोणता खेळाडू कोठे आहे, गोळी कोणास लागली, चेंडू कोठे पडला, याचा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून पडद्यावरील लक्षावधी बिंदूंना रंग देण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते.

ऊसतोडीच्या फडाचा दाखला येथे समर्पक ठरेल. प्रोसेसर हा मुकादम आणि ग्राफिक्स कार्ड ही तोडणी करणारी टोळी. मुकादम चलाख पण टोळी अपुरी, तर ऊस फडातच उभा राहतो. टोळी मोठी पण मुकादम संथ, तर कोयते हातात घेऊन माणसे बसून राहतात. बहुतेक नव्या खेळांत टोळीचे काम जड असते. म्हणून मर्यादित रकमेतील सर्वांत मोठा वाटा, साधारणपणे एक-तृतीयांश, ग्राफिक्स कार्डास द्यावा आणि प्रोसेसरवर त्याच्या निम्म्याच्या आसपास खर्च करावा. प्रत्यक्षात याच्या नेमके उलटे घडताना दिसते. 'आय-७ आहे' या तीन शब्दांवर संच विकला जातो आणि चित्र काढणारे कार्ड नाममात्र असते.

पडद्यापासून सुरुवात

निवड प्रोसेसरपासून न करता मॉनिटरपासून करावी, असे आमचे मत आहे. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात. २५६० × १४४० च्या पडद्यावर ३७ लाखांच्या आसपास आणि 'फोर-के' म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर ८३ लाखांच्या आसपास. म्हणजे फोर-के पडदा घेणाऱ्याने आपल्या टोळीवर चौपट फड टाकला. ६० हजारांच्या संचास १९२० × १०८० हीच मर्यादा योग्य होय. त्यातच सेकंदाला १०० किंवा त्याहून अधिक चित्रे दाखविणारा, आयपीएस प्रकारचा मॉनिटर मिळाल्यास तो घ्यावा.

त्यानंतर, मुलगा कोणते खेळ खेळणार हे त्याला स्पष्ट विचारावे. हा प्रश्न विचारण्यास वडिलधाऱ्यांना संकोच वाटतो, परंतु सारा हिशेब त्यावरच अवलंबून आहे. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक' यांसारखे स्पर्धात्मक खेळ ग्राफिक्स कार्डास फार ताण देत नाहीत. त्यांना चपळ प्रोसेसर लागतो. विस्तीर्ण प्रदेश, पाऊस, सावल्या दाखविणारे कथाप्रधान खेळ मात्र कार्डाची पुरती परीक्षा घेतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला 'राजी' हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातील खेळ या दोहोंच्या मधला म्हणता येईल. आणि मुलगा जर केवळ 'बीजीएमआय' खेळत असेल, तर तो खेळ भ्रमणध्वनीसाठीच काढलेला आहे. त्याकरिता संगणक घेण्याचे कारणच उरत नाही.

ग्राफिक्स कार्ड : नावातील फसगत

कार्डाची स्वतःची स्मृती ८ जीबीपेक्षा कमी नसावी. ४ जीबीची कार्डे अजूनही विक्रीस दिसतात, पण नव्या खेळांत ती लवकरच अपुरी पडतात. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६००, एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० किंवा ४०६०, इंटेलचे आर्क बी-५८० ही या वर्गातील परिचित नावे आहेत. यांपैकी बी-५८० स १२ जीबी स्मृती आहे. परंतु जुन्या प्रोसेसरबरोबर ते आपली पूर्ण क्षमता दाखवीत नाही, म्हणून ते नव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबरच घ्यावे.

एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे असतात, हे येथे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. आरटीएक्स ३०५० हे कार्ड ८ जीबी व ६ जीबी अशा दोन रूपांत आहे. फरक केवळ स्मृतीचा नाही. ६ जीबीच्या कार्डात गणना करणारे घटकही कमी आहेत आणि ते स्पष्टपणे मंद आहे. मात्र ते अवघी ७० वॅट वीज घेते व मदरबोर्डाच्या खाचेतूनच आपली गरज भागविते, त्यामुळे एका विशिष्ट कामी ते उपयोगी पडते. त्याचा उल्लेख पुढे येईल. पावतीवर 'ग्राफिक्स कार्ड ३०५०' एवढेच लिहून घेऊन चालणार नाही. स्मृती किती, उत्पादक कोण, अनुक्रमांक काय, हे सर्व लिहून घ्यावे.

प्रोसेसरच्या बाबतीत पिढी महत्त्वाची. २०१२ सालचा आय-५ आणि २०२२ सालचा आय-३ १२१०० शेजारी ठेवले, तर दुसरा कितीतरी वरचढ ठरतो. इंटेलचा आय-५ १२४००एफ अथवा एएमडीचा रायझन ५ ५६०० हे सहा गाभ्यांचे प्रोसेसर वर सांगितलेल्या कार्डांस पुरेसे होत. नावाच्या शेवटी असलेल्या 'एफ' चा अर्थ, या प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नाही, असा आहे. ५६०० मध्येही ती नाही. कार्ड बिघडले, तर असा संगणक चालू होऊनही पडदा काळाच राहतो.

ज्यांना एकदम सर्व रक्कम उभी करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याचा मार्ग आहे आणि शेतकरी कुटुंबास तोच अधिक सोयीचा. रायझन ५ ५६००जी यासारखा अंगभूत चित्रशक्ती असलेला प्रोसेसर घेऊन संच उभा करावा. हलके स्पर्धात्मक खेळ त्यावर समाधानकारक चालतात, अभ्यासाचे काम उत्तम चालते आणि पुढील हंगामाच्या बिलातून ग्राफिक्स कार्ड बसविता येते. अट एकच, की पॉवर सप्लाय प्रथमपासूनच पुढच्या कार्डाचा विचार करून घेतलेला असावा. ५६००जी ची अंतर्गत कॅश स्मृती ५६०० च्या निम्मी असल्याने कार्ड बसविल्यावर तो थोडा मागे पडतो, हे खरे. पण वर्षभर कर्जाचा हप्ता वाचतो, हेही खरे.

रॅम १६ जीबी असावी आणि ती ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या बसविल्या की प्रोसेसर व रॅम यांमधील वाहतूक दोन मार्गांनी होते. अंगभूत चित्रशक्तीच्या संचात तर यामुळे पडणारा फरक सहज डोळ्यांना दिसतो. स्मृती-निर्मात्यांनी आपली क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडे वळविल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. या कारणास्तव या लेखात प्रत्येक भागाची किंमत न देता प्रमाण दिले आहे. वर्षापूर्वीचे अंदाजपत्रक पुढे ठेवून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅम एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून मदरबोर्ड व रॅम यांची निवड एकत्रच करावी. साठवणीसाठी ५०० जीबी किंवा १ टीबीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्यावी. मदरबोर्डावरील शोभेचे दिवे, काचेचे कॅबिनेट, पाण्याने थंड करणारी यंत्रणा यांवरील खर्च या रकमेत सर्वस्वी टाळावा.

वीज : दुर्लक्षित पण निर्णायक

पॉवर सप्लाय, ज्यास बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो आपल्या भागात सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. कॅबिनेटबरोबर 'मोफत' मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅटचे लेबल असते. ते लेबल कसे वाचावे, हे शाळेतील विज्ञानशिक्षक सहज समजावून सांगू शकतील. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे मुख्यतः १२ व्होल्टच्या प्रवाहावर चालतात. लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपियर लिहिले असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे अवघी २१६ वॅट शक्ती उपयोगाची. ३६ अँपियर असेल तर ४३२ वॅट. मोठ्या अक्षरांतील आकडा दोन्ही पेट्यांवर ४५० च असू शकतो.

आता गरज मोजू. रायझन ५६०० पूर्ण भाराखाली ८८ वॅटपर्यंत, आरएक्स ६६०० सुमारे १३२ वॅट, उर्वरित भाग ५० वॅट धरले, तर बेरीज २७० वॅट. कार्ड क्षणभर याहून अधिक ओढते, म्हणून नामांकित उत्पादकाचा, '८० प्लस ब्राँझ' प्रमाणित, ५०० ते ५५० वॅटचा एसएमपीएस योग्य ठरतो. ग्रामीण भागात रात्री कृषिपंप सुरू झाले की अनेक ठिकाणी दाब खाली येतो. अशा गावी १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब स्वीकारणारा एसएमपीएस निवडावा. २०० ते २४० एवढाच पल्ला लिहिलेला टाळावा.

यूपीएसच्या बाबतीतही अशीच गफलत होते. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. साधा ६०० व्हीए यूपीएस साधारणपणे ३६० वॅटच देतो. संगणक आणि मॉनिटर मिळून ३०० वॅट घेत असतील, तर खेळ चालू असताना वीज गेल्यावर काम साठवून यंत्र बंद करण्यापुरताच वेळ मिळेल. यूपीएसचे तेवढेच काम आहे. जुन्या वाड्यांतून तिसऱ्या पिनची तार कोठेच जोडलेली नसते. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे. नवे कार्ड बसविण्यापूर्वी तर अवश्यच. वळिवाच्या दिवसांत कडकडाट सुरू होताच संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची तांब्याची तार दोन्ही काढून ठेवावीत.

वीजबिलाची धास्ती मात्र अनाठायी आहे. ३०० वॅटचा संच रोज तीन तास चालला, तर महिन्याला २७ युनिट होतात.

माण आणि महाबळेश्वर

एकाच जिल्ह्यात दोन हवामाने असतात, याचाही निवडीवर परिणाम होतो. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील उन्हाळा आणि धूळ यांचा विचार करता, पुढील बाजूस जाळी व काढून धुता येणारी धूळगाळणी असलेले कॅबिनेट घ्यावे. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे व मागे एक बाहेर टाकणारा असला, की फटींतून धूळ शिरण्याचे प्रमाण घटते. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत शत्रू आहे ओल. तेथे यंत्र दिवसेंदिवस बंद न ठेवता पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू करावे आणि भिंतीपासून दूर ठेवावे. कृष्णाकाठच्या गावांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर पाहिले आहेत. तेथे कॅबिनेट व यूपीएस जमिनीवर ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. बाहेर पडावे लागल्यास निदान एसएसडी काढून बरोबर नेता येते; ती एका स्क्रूने बसविलेली, बोटाएवढी पट्टी असते. तिच्यातील छायाचित्रे व अभ्यास हा यंत्राहून मोलाचा ऐवज होय.

वापरलेले भाग

कार्यालयांतून निवृत्त झालेले संगणक आता पुण्या-मुंबईहून तालुक्याच्या गावापर्यंत येतात. रक्कम २५-३० हजारच असेल, तर हा मार्ग विचारात घ्यावा. मात्र विंडोज १० ची नियमित साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो आणि 'व्हॅलोरंट'सारखे खेळ विंडोज ११ वर सुरक्षाविषयक विशिष्ट सोयी असल्याखेरीज सुरूच होत नाहीत. सहाव्या-सातव्या पिढीचा स्वस्त संच म्हणूनच स्वस्त आहे. या संचांच्या अरुंद पेटीत एसएमपीएस खास आकाराचा असतो व तो बदलता येत नाही. अशा जागी वर उल्लेखिलेले, आखूड उंचीच्या रूपातही मिळणारे ३०५० चे ६ जीबी कार्ड कामी येते.

वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेताना ते डोळ्यांदेखत अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावे. इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवरील खाणकाम पद्धती सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाली आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. दुसरे असे की, जुन्या कार्डात नव्या कार्डाचे नाव भरून विकण्याचेही प्रकार घडतात. 'जीपीयू-झेड' हा विनामूल्य कार्यक्रम अशी तोतया कार्डे बहुधा उघड करतो.

पंचायतीच्या कक्षेतील गोष्ट

कडेगाव तालुक्यातीलच मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून रोज सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजविण्याची प्रथा सुरू केली. साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावयाचा, असा तो नियम. अशा गावात खेळांचा संगणक घेणे विसंगत वाटेल. परंतु टेबलावरचा, सर्वांना दिसणाऱ्या खोलीत ठेवलेला संगणक पांघरुणात शिरत नाही, आणि भोंगा वाजल्यावर तो बंद झाला की नाही हे आईला स्वयंपाकघरातून कळते. भ्रमणध्वनीच्या बाबतीत ही सोय नाही.

पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आणि ई-क्रीडा यांत मात्र शिक्षकांनी व सदस्यांनी काटेकोर भेद करावा. ई-क्रीडेस केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिची पदकेही होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैशांच्या खेळांवर बंदीची तरतूद असून ई-क्रीडेस स्वतंत्र स्थान दिले आहे.

खरेदी

यादी नक्की झाल्यावर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुणे, कोल्हापूर आणि आपल्या गावचा विक्रेता यांचे भाव विचारावेत. दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल, तर जवळच्याकडे जावे. ग्राफिक्स कार्ड आठव्या महिन्यात बिघडले, की स्वारगेटचे एसटी भाडे आणि बुडालेले दोन दिवस यांत ती बचत सहज संपते. प्रत्येक भागाची हमी किती वर्षांची, ती भारतात लागू आहे काय आणि सेवाकेंद्र कोणत्या शहरी, हे खरेदीपूर्वीच विचारावे. सर्व खोकी निदान वर्षभर माळ्यावर जपून ठेवावीत.

जुळणी घरी करणे अवघड नाही, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ती स्वतः करावी हे उत्तम; परंतु प्रोसेसर बसविताना दाब देऊ नये, तो आपल्या वजनाने खाचेत बसतो. दुकानदाराकडून जुळवून घेतल्यास संच तेथेच सुरू करून रॅम किती, कार्ड कोणते, एसएसडी कोणाची, हे पडद्यावर पाहावे व पावतीशी ताडून घ्यावे. जीएसटी क्रमांक असलेली पक्की पावती घ्यावी. 'पावतीशिवाय स्वस्त पडेल' या सूचनेस नम्र नकार द्यावा, कारण पावती नसली की हमीचा हक्क सिद्ध करणे कठीण.

भाग सदोष निघून विक्रेता दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यानेही भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते. विक्रेता मुंबईचा असला तरी सातारच्या ग्राहकास साताऱ्यातच अर्ज करता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास त्यासाठी शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल करावा व सोबत पावती, हमीपत्र आणि विक्रेत्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती जोडाव्यात.